राजाक्कांच्या नऊ बैठका

राजाक्कांना खुर्चीत बसताना पाहिलं की वाटायचं, या बाईचा खुर्चीवर अजिबात विश्वास नाही. आधी हात मागे नेऊन खुर्ची चाचपायच्या, पावलं नीट टेकवायच्या, मग ओठ हलायला लागायचे आणि त्या इतक्या सावकाश खाली यायच्या की बघणाऱ्याचाच जीव टांगणीला लागावा. एवढं करून बसल्यावर लगेच उठायच्या. पुन्हा बसायच्या. असं नऊ वेळा. मी दहा सांगितलं होतं. तीस वर्षं मी मुलींच्या शाळेत खेळ शिकवले, माझ्या शिट्टीवर वर्गच्या वर्ग पळाले, पण या शहात्तर वर्षांच्या बाईकडून दहावी बैठक मला एकदाही काढून घेता आली नाही.

"नऊ णमोकारांचा एक कायोत्सर्ग अस्तो, बाई," त्या म्हणायच्या. "दहावा कुठनं आणू?"

कायोत्सर्ग म्हणजे जैनांचं उभ्यानं करायचं ध्यान; त्यातल्या एका णमोकार मंत्राला एक बैठक, असा त्यांचा हिशेब. माझे आकडे त्यांना मान्यच नव्हते.

राजाक्का जाऊन आता वर्ष होईल. चार दिवसांचा ताप आला आणि गेल्या. चौथ्या दिवशीसुद्धा न्हाणीपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत गेल्या, असं सून फोनवर सांगत होती, आणि सांगताना रडत होती. मी लोणंदला माझ्या घरात उभ्याउभ्या ते ऐकलं आणि मला पहिल्यांदा काय आठवलं असेल, तर रिकामं ताट.

आम्ही तेव्हा सांगलीजवळ कृष्णाकाठच्या एका गावात भाड्यानं राहत होतो. माझे यजमान साखर कारखान्यात, मी नुकतीच निवृत्त झालेली. आमचं परडं आणि राजाक्कांचं परडं यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत. त्यांच्या परड्यात आड होता, रहाट होता, आडाशेजारी तुळस होती. त्या जैन, आम्ही मटण खाणारे. रविवारी आमच्याकडे फोडणी पडली की त्यांची त्या बाजूची खिडकी बंद व्हायची आणि सोमवारी सकाळी भिंतीपलीकडून चौकशी यायची, "गेला का वास घरातला? येऊ का बोलाय?"

एके दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. राजाक्का परड्यात जमिनीवर बसून शेंगदाणे निवडत होत्या. अर्ध्या तासानं मी पुन्हा बाहेर आले तरी निवडतच होत्या. ऊन त्यांच्या अंगावर आलं तरी हलल्या नाहीत. मला राग आला, कारण त्यांची सून सुजाता हातातलं काम हिसकावून घेणारी बाई, मग आज हिनं सासूला असं उन्हात कसं बसू दिलं? मी भिंतीजवळ गेले. ताटातले शेंगदाणे केव्हाच निवडून झाले होते, डब्यात भरून झाले होते. राजाक्का रिकाम्या ताटात बोटं फिरवत होत्या.

मी साडी खोचून भिंत ओलांडली.

"सुजाताला हाक मारू नगा," त्या खाली बघतच म्हणाल्या. "उठता येईना झालंय. तासभर झाला. तिला कळ्ळं तर उद्यापास्नं परड्यातबी बसू द्यायची न्हाई."

मी त्यांच्या काखेत हात घातले. उंच, रुंद हाडांची बाई, पण उचलताना हाताला हाडंच लागली. उभ्या राहिल्यावर त्यांनी लुगडं झटकलं, ताट काखोटीला मारलं आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाल्या, "तुमी पोरींस्नी उड्या माराय शिकिवत हुता न्हवं? मला नुस्तं उठाय शिकवा. चार म्हैन्यात."

"चारच महिने का?"

"चातुर्मास लागंल तवा."

पुढचं सगळं त्यांनी तुळशीपाशी उभ्यानं सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ तीस वर्षांपूर्वी घर सोडून दिगंबर मुनी झाला होता. लहानपणी आई शेतात असायची, तेव्हा या भावाला राजाक्कांनीच कडेवर वागवलं. यंदा त्या मुनिमहाराजांचा चातुर्मास याच गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, ठरला होता. मुनी दिवसातून एकदाच आहार घेतात, तोही उभ्यानं, हाताच्या ओंजळीत. कुणाच्या तरी दारी जातात, घरचे लोक आडाचं हातानं शेंदलेलं पाणी गाळून, शुद्ध स्वयंपाक करून, हातात भरलेला कलश धरून वाट बघत उभे असतात. आहार देताना काही विघ्न आलं, अन्नात केस निघाला किंवा देणाऱ्याच्या हातून भांडं पडलं, तर त्याला अंतराय म्हणतात. मुनी तिथंच ओंजळ सोडतात. मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही नाही.

"दोन वरसामागं," राजाक्का म्हणाल्या, "उन्हाळ्यात दुसरं एक महाराज आलं हुतं. दोन घोट घेतलं असतील. माज्या हातातनं दुधाचं भांडं निसटलं." त्यांनी स्वतःचा उजवा पंजा पालथा करून बघितला. "त्या उनात उपाशी गेलं ते. सगळं गाव बघत हुतं."

त्या दिवसानंतर घरानं त्यांच्यावर माया करायला सुरुवात केली. मुलगा भरत आणि सून, दोघंही मनानं चांगली. घागर उचलू नका, आत्ती. वाकू नका, आत्ती. सुजाता सासूला आत्ती म्हणायची आणि जिथं बसतील तिथं चहा नेऊन द्यायची. जेवणही कॉटवर. दोन वर्षांत राजाक्कांना कुणी काही उचलू दिलं नाही आणि त्यांची मनगटं माझ्यापेक्षा बारीक झाली.

मी त्यांना सांगलीला एका डॉक्टरीण बाईंकडे घेऊन गेले. घरी सांगितलं, चष्म्याचा नंबर काढायचाय. डॉक्टरीणबाईंनी त्यांना एक यंत्र दाबायला लावलं, खुर्चीवरून पाच वेळा उठवलं आणि घड्याळ बघितलं. हाडं बरी आहेत म्हणाल्या, पण स्नायू फार झिजलेत. वयानं झिजतातच, पण इतके नाही. वजन उचलायला लागा, थोडं थोडं वाढवत न्या, या वयातही भरून येतं. मग त्यांनी विचारलं, "आजी, दिवसभरात खाता काय?"

राजाक्का भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसल्या.

परतीच्या एसटीत मी खोदूनखोदून विचारलं तेव्हा निघालं. भांडं पडलं त्या दिवशी त्यांनी मनातल्या मनात नियम घेतला होता. पुन्हा स्वतःच्या हातानं एक आहार निरंतराय, म्हणजे विघ्नाशिवाय, देईपर्यंत आपणही दिवसातून एकदाच जेवायचं. घरात सांगितलं, भूक लागत नाही. आणि त्या एका वेळी खायच्या काय, तर भाताचे चार घास आणि ताक.

मी एसटीत ओरडले. लोक वळून बघायला लागले. "आक्का, अंगात ताकद नाही म्हणून भांडं पडलं, आणि भांडं पडलं म्हणून तुम्ही जेवण सोडलं! मग पुढचं भांडं धरणार कुणाच्या जिवावर?"

 एसटी पुलावर आल्यावर त्या म्हणाल्या, "एकदाच जेवायचं असा नेम हाय. कितीबी जेवायचं न्हाई, असा न्हाई."

दुसऱ्या दिवशीपासून त्यांच्या त्या एका जेवणात वाटीभर मोडाची मटकी आली, मुगाचं घट्ट वरण, दही, शेंगदाण्याची चटणी, तूप. शेवटी पेलाभर दूध. अष्टमी-चतुर्दशीचे उपवास मी सोडवू शकले नाही आणि तो माझा पराभव मी अजून विसरलेले नाही. पहिले काही दिवस त्यांना ते अन्न जाईना. सुजाता म्हणाली, भूक परत आली वाटतं. राजाक्का तोंडातला घास महत्प्रयासानं गिळून म्हणायच्या, "जिबंला कोण इचारतंय? मांडीला पायजे."

आमची शाळा सकाळी परड्यात भरायची, सुजाता देवळात जायची त्या वेळेत. आधी खुर्ची. मग वाळू भरलेले तेलाचे छोटे डबे दोन हातांत घेऊन परड्याच्या फेऱ्या. मग घागर; आधी रिकामी, मग तळाला पाणी, दर आठवड्याला दोन तांब्ये जास्त. पाचव्या दिवशी त्यांच्या मांड्या इतक्या धरल्या की कॉटवरून उतरताना भिंतीला कपाळ टेकून उभ्या राहिल्या. दमले हा शब्द त्यांच्याकडे नव्हता. "जरा थांबलीया" म्हणायच्या.

खुर्चीत बसताना मात्र त्या धपकन पडायच्या. खाली येताना आवरून येण्यातच मांडीची खरी मेहनत असते, हे मी परोपरीनं सांगत होते आणि त्यांना पटत नव्हतं. एकदा पाणी गाळताना मी त्यांना बघितलं. गाळून झाल्यावर गाळण्यात जे बारीक जीव अडकतात त्यांना त्या जिवाणी म्हणत. ते फडकं धुऊन, ते पाणी एका छोट्या भांड्यात घेऊन, दोरानं अगदी आडातल्या पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडायच्या. वरून ओतायचं नाही, आदळून जीव मरतात. मी म्हटलं, "आक्का, हे असंच. तुम्ही स्वतःला असं सोडा."

त्यांनी दोर थांबवून माझ्याकडे बघितलं. "मग हे आधी सांगायचं न्हाई व्हय?"

त्यानंतर त्या कधी धपकन बसल्या नाहीत. उलट गावाची परीक्षा घ्यायला लागल्या. बस्तीतून आल्या की भिंतीवर कोपर टेकून अहवाल द्यायच्या. "त्यो चौगुल्यांचा अण्णा खांबाला धरून उटतोय. दोन वरसात काठी येनार बघा त्येच्या हातात. आनि तुमी काय हसालाय, तुमीबी कपडं धुताना कमरंवर हात ठेवून उटताय, बघितलंय मी."

चातुर्मासाला पंधरा दिवस राहिले असताना घात झाला. मी नसताना त्यांनी एकटीनं भरलेली घागर आडावरून उचलली, आणि ती निसटली. पितळेच्या घागरीचा आवाज गल्लीभर झाला. मी धावत गेले तर राजाक्का ओल्या दगडांवर उभ्या, घागर चेपलेली, आणि सुजाता दारात तोंडावर हात घेऊन. संध्याकाळपर्यंत भरतनं आडावर लोखंडी जाळीचं झाकण बसवून कुलूप घातलं. मलाही बोलावणं आलं.

"बाई, तुमच्याबद्दल आदर हाय," भरत म्हणाला.  "पर आईचं वय काय, तुमी करायलाय काय? आडात गेली असती म्हंजे? आहार सुजाता देईल. आईनं नुस्तं बघावं."

 खरं सांगायचं तर मीही घाबरले होते. एका परक्या घरातल्या म्हातारीला मी आडापर्यंत नेऊन उभं केलं होतं.

 राजाक्का पुढच्या सोप्याच्या मधोमध आल्या आणि सावकाश खाली फरशीवर बसल्या. पाय पसरले. "भरत, किल्ली हितं ठेव," फरशीवर हात थोपटून म्हणाल्या. "कुनाला न धरता उटले तर किल्ली माजी. न्हाई उटता आलं, तर कलश तुज्या बायकूनं धरावा. मी परत नाव काडनार न्हाई."

भरतनं किल्ली ठेवली. त्या कुशीवर वळल्या, गुडघा टेकला, दुसरं पाऊल पुढे रोवलं आणि मांडीवर हात दाबून वर आल्या. अर्ध्यात पाऊल सरकलं. त्या परत गुडघ्यावर आपटल्या. तो आवाज मला अजून ऐकू येतो. भरत पुढे झाला.

"हात लावू नका!" मी शाळेतल्या आवाजात ओरडले.

राजाक्का गुडघ्यावर तशाच थांबल्या. ओठ हलत होते. एक अख्खा णमोकार झाला असेल. मग त्यांनी पाऊल पुन्हा ठेवलं, या वेळी जरा आडवं, आणि उठल्या. नुसत्या उठल्या नाहीत, वाकून फरशीवरची किल्लीही उचलली. भरत पाठ फिरवून परड्यात गेला. रडत होता असं मला वाटतं. सुजाता मात्र सरळ सासूपाशी आली आणि म्हणाली, "आत्ती, उद्यापास्नं मी देवळात जरा उशिरानं जाते. घागरीपाशी थांबते."

चातुर्मास लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी राजाक्कांनी आडाचं पाणी शेंदलं, गाळलं, जिवाणी सोडली. सुजातानं स्वयंपाक केला. आमच्या दोन घरांमधली भिंत जिथं पुढं गल्लीला येऊन मिळते आणि त्यांचं पुढचं दार दिसतं, तिथं मी उभी. गल्लीतल्या सात-आठ दारांत माणसं कलश घेऊन उभी होती. राजाक्कांनी पाण्यानं भरलेला, वर नारळ ठेवलेला कलश छातीशी धरला होता.

महाराज आले. डाव्या हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, उजव्या हाताची बोटं खांद्याला टेकवलेली. बहात्तरीचे असतील. कृश, इतके की मला नजर खाली घ्यावीशी वाटली. सगळ्या दारांतून "नमोस्तु, नमोस्तु, तिष्ठ, तिष्ठ" असा पुकारा सुरू झाला. ते राजाक्कांच्या दारासमोर आले. त्यांनी बहिणीकडे बघितलं, आणि पुढे गेले.

मुनी मनात काहीतरी संकल्प धरून निघतात, तो जिथं जुळेल तिथंच थांबतात, हे मला राजाक्कांनीच सांगितलं होतं. पण त्यांचा चेहरा बघवेना. महाराज गल्लीच्या टोकाला गेले, वळले, दुसऱ्या गल्लीत दिसेनासे झाले. आमच्या गल्लीतल्या लोकांनी हळूहळू कलश खाली घेतले. कुणी कट्ट्यावर टेकलं. राजाक्का उभ्याच. दंडाची शीर ताणलेली, कलशावरचा नारळ किंचित हलायला लागलेला. सुजाता आतून म्हणाली, "आत्ती, जरा टेकवा." त्यांनी मान हलवली. मी भिंत घट्ट धरली होती. माझे ओठ हलतायत हे मला नंतर कळलं. तो मंत्र मला चार महिन्यांत पाठ झाला होता.

महाराज परत आले. गल्लीत शिरले तेव्हा कलश वर असलेलं एकच दार होतं. ते थांबले.

प्रदक्षिणा झाल्या. उघड्या दारातून दिसणाऱ्या सोप्यात महाराजांचे पाय धुऊन झाले. राजाक्का नमस्काराला जमिनीवर गेल्या आणि कुशीवर वळून, गुडघा टेकून, कुणाला न धरता वर आल्या. मग महाराज उभे राहिले आणि त्यांनी ओंजळ केली. राजाक्कांनी पाणी घातलं. दूध घातलं, मागं निसटलेल्या त्याच भांड्यातून. भाताचा घास, मुगाचं वरण. त्यांचा हात शेवटपर्यंत हलला नाही. हलत होते ते महाराजांचे गुडघे. निम्म्यातच ते कापायला लागले, आणि महाराजांनी लवकर ओंजळ सोडली. पण विघ्न कसलंच आलं नव्हतं; आहार निरंतराय झाला. बाहेर लोकांनी जयजयकार केला, भरतनं मला भिंतीपलीकडून हात जोडले.

त्या संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत राजाक्कांना दोन वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या वेळी जेवायचं होतं. ताट वाढलेलं होतं. त्या ताटासमोर बसून राहिल्या. मी गेले तर म्हणाल्या, "बाई, बघितलासा का? मांड्या न्हाईत ऱ्हायल्या त्येंच्या."

 उभं राहता येईनासं झालं की मुनी आहारच सोडतात, हे तोवर मलाही माहीत झालं होतं. आपल्या हातून भांडं पडू नये म्हणून ही बाई चार महिने झिजली होती, आणि आता जे तिला दिसलं होतं त्यावर तिच्या हातात काहीच नव्हतं. भाऊ म्हणून हाक मारता येत नाही, हात लावता येत नाही, दोन घास जास्त घ्या असंही म्हणता येत नाही. मला त्या दिवशी त्यांच्या धर्माचा राग आला होता. मी तसं तोंडावर म्हटलंही. राजाक्का म्हणाल्या, "आसं म्हनू नगा. त्येंचा नेम त्येंचा हाय. पर चार हात लांब बसून मी काय करावं, ह्येला कुनाचा नेम न्हाई." आणि जेवल्या.

पुढच्या महिन्यात यजमानांची नोकरी संपली आणि आम्ही लोणंदला परतायचं ठरवलं. निघायच्या दिवशी सकाळी मी निरोप घ्यायला गेले तर सुजाता म्हणाली, आत्ती बस्तीत आहेत, हल्ली रोज याच वेळी असतात. सामानाचा टेंपो उभा होता, यजमान घाई करत होते. मी तशीच गेले.

बस्तीच्या आवारात ऊन पडलं होतं. एका टोकाला उंच लाकडी पाटावर महाराज बसले होते. समोर, आठ-दहा हात अंतरावर, राजाक्का घरून आणलेला लाकडी स्टूल मांडून उभ्या होत्या. त्यांनी हात जोडले, ओठ हलले, आणि त्या जिवाणी सोडावी तशा खाली आल्या. उठल्या. पुन्हा खाली. एकदाही महाराजांकडे बघत नव्हत्या. माझ्याकडेही कुणाचं लक्ष नव्हतं.

तिसऱ्या वेळी त्या खाली येत असताना महाराजांनी पाटावर एक हात टेकला. उभे राहिले. क्षणभर थांबले, आणि सावकाश बसले. पुन्हा उठले. ते त्यांच्या साधनेचं काही होतं की दुसरं काही, मला सांगता येणार नाही. बोलणं नव्हतं, नातं नव्हतं. दोन म्हातारी माणसं समोरासमोर उठत होती आणि बसत होती, आणि दोघांचे ओठ एकाच मंत्रावर हलत होते.

मला निरोप घ्यायचा होता, पण मी मोजत राहिले. राजाक्कांच्या नऊ झाल्या. महाराजांच्या सातच झाल्या होत्या. राजाक्का स्टूलजवळ थांबल्या, तिकडे बघितलं नाही, आणि दहावी बैठक काढली. मग अकरावी.